गालापागोस: मुक्काम बोटीवर की बेटावर? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गालापागोसला जायचं ठरलं की पुढचं सगळं एका प्रश्नापाशी येऊन अडतं. आठवडाभर छोट्या बोटीवरच राहायचं आणि ती नेईल ती बेटं पाहायची, की एखाद्या बेटावरच्या गावात खोली घेऊन तिथून आपल्या सोयीने हिंडायचं? मी ही बेटं दोन्ही प्रकारे पाहिली आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण या दोन सहली एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. एकीची अपेक्षा मनात ठेवून दुसरीला गेलात तर हिरमोड ठरलेला. एवढ्या लांब, एवढा खर्च करून गेल्यावर तो कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बहुतेक जण हा निर्णय पैशांपासून सुरू करतात. माझं म्हणणं आहे की तो प्राण्यांपासून सुरू करा. कोणता प्राणी कोणत्या बेटावर आहे हे कळलं की निम्मं काम झालं. खर्च, बोट लागणं, सोबतची माणसं हे सगळं त्यानंतर.

१. आधी नकाशा डोक्यात पक्का करा

गालापागोस हा इक्वेडोरचा प्रांत. मुख्य भूमीच्या पश्चिमेला सुमारे १,००० किलोमीटरवर, भर प्रशांत महासागरात, विषुववृत्तावर. १३ मोठी बेटं आणि त्यांच्याभोवती कितीतरी लहान बेटं आणि खडक. इथल्या जमिनीचा ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान १९५९ साली स्थापन झालं, १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गालापागोसचा समावेश झाला आणि १९९८ मध्ये भोवतालचा समुद्रही राखीव झाला.

माणसांची गावं चारच बेटांवर आहेत: सांता क्रूझ (गाव पुएर्तो आयोरा), सान क्रिस्तोबाल (पुएर्तो बाकेरिसो मोरेनो), इसाबेला (पुएर्तो विलामिल) आणि अगदी लहान वस्तीचं फ्लोरेआना. बेटावर मुक्काम करायचा म्हणजे या चारांपैकी कुठेतरी, आणि व्यवहारात पहिल्या तिघांपैकीच. बाकी कोणत्याही बेटावर रात्र काढता येत नाही. तिथे जायचं तर दिवसाच्या फेरीने किंवा मुक्कामी बोटीने. विमानतळ मुख्यतः दोन: सांता क्रूझला खेटून असलेलं बाल्त्रा आणि सान क्रिस्तोबाल.

हा नकाशा कागदावर स्वतः काढून पाहा, वेडावाकडा आला तरी चालेल. फर्नांदिना पश्चिमेच्या टोकाला, हेनोवेसा ईशान्येला एकटं, एस्पान्योला आग्नेयेला. पुढचा सगळा निर्णय या तीन टोकांभोवती फिरतो.

२. कोणते प्राणी पाहिल्याशिवाय परतायचं नाही, ते लिहून काढा

इथे घाई करू नका, कारण सहलीचं खरं सुखदुःख याच यादीत आहे.

काही प्राणी कुठेही राहिलात तरी भेटतात. समुद्रसिंह सान क्रिस्तोबालच्या गावात किनाऱ्यावरच्या बाकांवर झोपलेले असतात. समुद्री इग्वाना गावांतल्या वाटांवर ऊन खात पडतात. समुद्रात पोहून अन्न मिळवणारी ही जगातली एकमेव पाल, आणि तिच्यासाठी बोटीचं भाडं भरायची गरज नाही. महाकाय कासवं सांता क्रूझच्या डोंगराळ भागात मोकळी फिरताना दिसतात. पेलिकन, फिंच, निळ्या पायांचे बूबी हे समुद्रपक्षी, पाण्यातली हिरवी कासवं, पांढऱ्या टोकांचे शार्क हे सगळं गावात राहून, थोड्या वेळाच्या फेरीने पाहता येतं.

काही प्राणी दिवसाच्या फेरीने मिळतात, पण त्या फेरीसाठी ठरावीक बेटावर राहावं लागतं. सांता क्रूझहून नॉर्थ सेमूरला गेलात तर फ्रिगेट पक्ष्याचा नर गळ्याची लाल पिशवी फुगवून बसलेला दिसू शकतो. साउथ प्लाझावर निवडुंगाखाली जमिनीवरचे पिवळे इग्वाना. सान क्रिस्तोबालहून किकर रॉकला हॅमरहेड शार्क दिसण्याची संधी असते. त्याच बेटाच्या पूर्व टोकाला, पुंता पिट इथे, लाल पायांचे बूबी आहेत. इसाबेलाच्या गावाजवळच्या तिंतोरेरास बेटांपाशी पेंग्विन दिसतात.

आणि काही प्राणी असे, की त्यांच्यासाठी मुक्कामी बोट हाच मार्ग. यातला पहिला, न उडणारा पाणकावळा. हा फक्त फर्नांदिनाच्या आणि इसाबेलाच्या पश्चिम-उत्तर किनाऱ्यावर राहतो. त्याचं कारण समुद्रात आहे. विषुववृत्ताखालून पूर्वेकडे वाहत येणारा एक खोल, थंड प्रवाह या बेटांच्या पश्चिम अंगाला धडकतो आणि वर येतो. त्याच्याबरोबर पोषक द्रव्यं वर येतात, मासे मुबलक होतात. अन्न पायाशी आणि जमिनीवर शिकारी नाही, अशा जागी या पक्ष्याचे पंख पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत गेले. गालापागोसचे सर्वांत धष्टपुष्ट समुद्री इग्वानाही याच बाजूला आणि पेंग्विनही बहुतेक इथेच. दुसरं ठिकाण हेनोवेसा, म्हणजे समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीचं मुख. तिथे लाल पायांच्या बूबींची प्रचंड वसाहत आहे आणि पक्षीप्रेमी माणसाला तिथून पाय निघत नाही.

एस्पान्योला या दोन प्रकारांच्या मधलं आहे. लहरी नक्षीचा अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी जवळजवळ सगळा याच एका बेटावर वीण घालतो आणि साधारण एप्रिल ते डिसेंबर तिथे असतो. बोटी तिथे जातातच, पण सान क्रिस्तोबालहून दिवसाची फेरीही निघते. अल्बाट्रॉससाठी बोटच घ्यावी लागते असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

तर यादीत पश्चिम किनारा किंवा हेनोवेसा असेल, तर बोट घ्या. नसेल, तर बेटावर राहूनही सहल पूर्ण होते, त्यात काहीही कमी नाही.

३. दोन्हीकडचा दिवस कसा जातो ते समजून घ्या

बोट रात्री चालते, ही तिची सगळ्यात मोठी ताकद. तुम्ही झोपलेले असताना ती पुढच्या बेटाला पोहोचते. सकाळी लवकर, उन्हं कोवळी असताना तुम्ही रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरता. दिवसाच्या फेरीवाले अजून वाटेत असतात. मग पाण्यात उतरणं, जेवण, थोडी विश्रांती, दुपारी दुसरी जागा, पुन्हा पाणी. संध्याकाळी गाईड उद्याची माहिती देतो. दिवसात दोन-तीनदा बाहेर पडायचं, वेळा ठरलेल्या. प्रत्येक गाईडबरोबर जास्तीत जास्त १६ जण असा उद्यानाचा नियम आहे. त्यामुळे १६ जणांच्या बोटीवर सगळे एकाच गटात, एकत्र उतरतात. कायद्याने बोटीवर १०० पर्यंत प्रवासी चालतात. तिथे गट जास्त, उतरण्याच्या पाळ्याही जास्त.

बेटावरचा दिवस तुमचा. एकाच इग्वानापाशी तासभर बसायचं असेल तर बसा, कोणी पुढे चला म्हणणार नाही. लहान मुलं कंटाळली तर खोलीवर परता. स्थानिक माणसांशी बोलणं होतं, मासळीबाजारात ताज्या माशासाठी ओट्याशी घुटमळणारे समुद्रसिंह दिसतात. पण दूरच्या बेटाची फेरी घेतलीत, तर जाण्यायेण्यात दिवसाचे बरेच तास जातात आणि तुम्ही पोहोचता तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. ज्यांना फोटो काढायचे आहेत त्यांनी या एका मुद्द्याला फार वजन द्यावं.

४. बोट लागते? मग हे आधी वाचा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. “मला बोट लागते, म्हणून मी बेटावर राहणार” हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं आहे. ऐकायला बरोबर वाटतं. पण एका बेटाहून दुसऱ्या बेटाला जायचं साधन म्हणजे लांचा, म्हणजे दोन-तीन दणकट इंजिनं लावलेली छोटी वेगवान बोट. सांता क्रूझहून इसाबेला किंवा सान क्रिस्तोबाल, दोन्हीकडे साधारण दोन ते अडीच तास. ती लाटांवरून आपटत जाते. उभं राहायला जागा नसते आणि बोट लागली तर थांबायचीही सोय नसते. ज्यांना मुक्कामी बोटीवर काही झालं नाही, असे लोकही लांचात आडवे झालेले मी पाहिले आहेत.

त्याहून वाईट म्हणजे इसाबेला आणि सान क्रिस्तोबाल यांच्यामध्ये थेट लांचाची सोय धरून चालू नका. सांता क्रूझला येऊन दुसरी पकडावी लागते. तीन बेटं पाहायची म्हणजे हे दोन-अडीच तास अनेकदा.

म्हणून बोट लागणाऱ्यांसाठी माझे तीन पर्याय, माझ्या पसंतीच्या क्रमाने. पहिला, एकाच बेटावर राहा, सांता क्रूझ किंवा सान क्रिस्तोबाल, आणि फेऱ्या जवळच्याच निवडा. दुसरा, बेटांमध्ये छोट्या विमानाने जा. नऊएक आसनांची विमानं आहेत, सामानावर वजनाची मर्यादा कडक असते आणि तिकीट लांचापेक्षा बरंच महाग. तिसरा, थोडी मोठी किंवा दोन सांगाड्यांची म्हणजे कॅटमरान प्रकारची बोट घ्या. ती बाजूला कमी कलंडते. केबिन बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागा. तिथे इंजिनाचा आवाज येतो, पण हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात.

लांचात बसायची वेळ आलीच तर मागच्या बाजूला, मधोमध बसा. पुढचं टोक सर्वांत जास्त आपटतं. मळमळीची गोळी लांचात बसण्याच्या किमान अर्धा-एक तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. कोणती गोळी हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्यांनी फार झोप येते आणि अर्धवट झोपेत पाण्यात उतरणं धोक्याचं.

५. महिना पाहा

जानेवारी ते मे उबदार काळ. मधूनमधून पाऊस, स्वच्छ ऊन, पाणी कोमट, समुद्र बराचसा शांत. जून ते डिसेंबर थंड प्रवाहांचा जोर, आभाळ ढगाळ, डोंगरमाथ्यावर भुरभुर पाऊस. पाणी चांगलंच गार होतं, पश्चिमेकडे तर अंगावर काटा येतो, पण माशांची आणि पक्ष्यांची चंगळ याच काळात. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत खवळलेला असतो. बोट लागणाऱ्याने हे तीन महिने टाळावेत, मग सहल कोणत्याही प्रकारची असो. अल्बाट्रॉस हवा असेल तर जानेवारी-मार्च नको. एप्रिल-मेमध्ये पाणीही उबदार आणि अल्बाट्रॉसही परतलेला, म्हणून मला विचाराल तर मी हेच दोन महिने सांगेन.

६. खर्चाचा हिशेब, दोन्हीकडचा

इक्वेडोरचं चलन अमेरिकी डॉलर आहे. बोटीचा खर्च माणशी दिवसाला साधारण ४०० डॉलरपासून पुढे धरा, आणि आलिशान बोटी १,००० च्याही वर जातात. त्यात राहणं, जेवण, गाईड, सगळ्या फेऱ्या आल्या. विमानाचं तिकीट, उद्यान प्रवेश शुल्क, बक्षिसी आणि बऱ्याचदा पोहण्याचा जाड सूट यांचे पैसे वेगळे. एकट्या प्रवाशाला पूर्ण केबिन हवी असेल तर मोठी जादा रक्कम पडते. काही बोटी दुसऱ्या प्रवाशाबरोबर केबिन वाटून घेऊ देतात, तेव्हा हे स्पष्ट विचारा.

बेटावर खोली आणि जेवण आपापल्या ऐपतीप्रमाणे मिळतं. खरा पैसा जातो तो दिवसाच्या फेऱ्यांत. दूरच्या बेटाची एक फेरी साधारण १५० ते २५० डॉलर. बेटावरची सहल स्वस्त असते ती मोफत जागा भरपूर पाहिल्या तरच. रोज एक मोठी फेरी घेत गेलात तर आठवड्याअखेरीस बेरीज एखाद्या साध्या बोटीच्या जवळ जाऊन पोहोचते, आणि तरीही पश्चिम किनारा पाहायचा राहिलेलाच असतो. म्हणून “बेट स्वस्त” असं धरून चालू नका. आपल्या यादीतल्या फेऱ्या मांडा, लांचाचे पैसे मिळवा आणि मगच तुलना करा.

७. सोबत कोण आहे?

रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरताना कधी खडकावर पाय टाकायचा असतो, कधी गुडघाभर पाण्यात. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना दिवसातून दोन-तीनदा हे करावं लागेल. अनेक बोटी सहा-सात वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. पोहता येत नसेल तर बोटीवरच्या आठवड्याचा बराच भाग काठावरून पाहण्यात जातो. अशा कुटुंबासाठी बेट निःसंशय बरं. एकट्याने जाणाऱ्याला मात्र बोटीवर ओळखी पटकन होतात.

आहार शाकाहारी असेल तर बोटीला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. समुद्रात गेल्यावर स्वयंपाकघरात जे आहे तेच आहे. “शाकाहारी” या शब्दात मासे येत नाहीत, हेही स्पष्ट लिहा.

८. बोट ठरली तर: आधी मार्ग वाचा, मग केबिन पाहा

उद्यानाच्या नियमाप्रमाणे एकच बोट १४ दिवसांत त्याच जागी पुन्हा जाऊ शकत नाही, थोडे अपवाद सोडले तर. त्यामुळे प्रत्येक बोटीचे मार्ग आळीपाळीने बदलतात. या आठवड्यात पश्चिम, पुढच्या आठवड्यात पूर्व असं चक्र चालतं. म्हणजे तारीख निवडली की मार्ग निवडला गेला. बोटीचं नाव आवडून तारीख कोणतीही घेतलीत तर यादीतलं बेट हातचं जाऊ शकतं. एजंटाकडून त्या विशिष्ट तारखेचा दिवसवार मार्ग लेखी मागा आणि त्यात ही नावं शोधा: फर्नांदिनाची पुंता एस्पिनोसा, इसाबेलाची पुंता विसेंते रोका, हेनोवेसाची डार्विन खाडी, एस्पान्योलाचं पुंता सुआरेस.

दिवस मोजताना सावध राहा. “५ दिवस” म्हणजे पहिला दिवस दुपारपासून आणि शेवटचा सकाळपुरता. हाती तीनच दिवस पूर्ण उरतात. काही वेळा ८ दिवसांच्या मार्गाचे दोन तुकडे करून विकतात आणि मधल्या दिवशी जुने प्रवासी उतरवायला, नवे घ्यायला बोट विमानतळाकडे परतते. पूर्ण ८ दिवस घेणाऱ्याचाही तो अर्धा दिवस जातो. हे विचारलं तर सांगतात, आपणहून सहसा सांगत नाहीत.

गाईडबद्दल मात्र आग्रही राहा. केबिन जराशी लहान असली तरी चालेल, पण चांगला गाईड सहलीचा प्राण असतो. त्याला उद्यानाचा परवाना असतोच. तो कोणती भाषा सहज बोलतो, त्याच्याकडे किती जण असतील, हे विचारून घ्या.

९. बेट ठरलं तर: मुक्काम असे वाटा

आठवडा असेल तर दोनच बेटं करा. तिसऱ्याचा मोह होतो, पण प्रत्येक बदलाला अर्धा दिवस जातो.

सांता क्रूझला फेऱ्यांची निवड सर्वांत मोठी. चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राचा परिसर, अडीच किलोमीटरची पायवाट चालून जायचं तोर्तुगा बे, डोंगरावरची कासवं. तोर्तुगा बेच्या पहिल्या लांब किनाऱ्यावर पाण्याची ओढ जबरदस्त आहे, तिथे पोहू नका. पुढच्या शांत खाडीपर्यंत चालत जा. संशोधन केंद्राजवळच लोनसम जॉर्जचा जतन केलेला देह ठेवला आहे. पिंटा बेटावरच्या कासवांचा हा शेवटचा वंशज २४ जून २०१२ रोजी गेला. तिथे थोडा वेळ उभे राहा, एवढंच सांगतो.

इसाबेला शांत आहे, रस्ते वाळूचे. कोंचा दे पेर्ला इथे धक्क्याजवळच मोफत पाण्यात उतरता येतं. लोस तुनेलेस ही लाव्ह्याच्या कमानींची जागा गाईडबरोबरच पाहावी लागते आणि माझ्या मते बेटावर राहून घेता येणाऱ्या फेऱ्यांत तिला तोड नाही. सिएरा नेग्रा ज्वालामुखीचा ट्रेक दिवसभराचा. हा ज्वालामुखी २०१८ मध्ये जागा झाला होता. इसाबेलाला एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, रोख आधीच काढून ठेवा.

सान क्रिस्तोबाल हे एकटं राहायला सर्वांत सोपं बेट. विमानतळ गावाला लागून, किनारे चालत जाण्याजोगे, समुद्रसिंह सगळीकडे.

बाल्त्राला उतरून सान क्रिस्तोबालहून परतीचं विमान घेतलं तर एक लांचा वाचते. तिकीट काढतानाच हे जमवा. नॉर्थ सेमूर किंवा बार्तोलोमे या बेटांच्या फेऱ्यांना रोज परवानगी असतेच असं नाही, प्रत्येक बोटीचे वार ठरलेले असतात. त्यामुळे पोहोचल्याच्या संध्याकाळीच पुढच्या फेऱ्या पक्क्या करा.

१०. दोन्ही हवं असेल तर

नऊ-दहा दिवस हाताशी असतील तर पश्चिमेचा किंवा हेनोवेसाचा मार्ग असलेली ४-५ दिवसांची बोट आणि नंतर एका बेटावर ४ दिवस. क्रम हाच ठेवा. आधी बोट, कारण तिथे गाईडकडून पाहायला शिकलेलं नंतर एकट्याने फिरताना उपयोगी पडतं. शिवाय बोटीला उशीर चालत नाही, बेटावरच्या खोलीला चालतो.

११. कागदपत्रं आणि विमानतळावरचा क्रम

आधी कागद:

- भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरचा व्हिसा. ताजे नियम दूतावासाकडून घ्या.
- विमान ज्या देशात बदलायचं त्याचा ट्रान्झिट व्हिसा. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि तो मिळायला वेळ जातो. तिकीट त्यानंतर काढा.
- पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र. इक्वेडोरहून भारतात परतताना ते दाखवावं लागतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.
- परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं किंवा बोटीचं बुकिंग, छापील.
- प्रवास विमा, समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरून.

विमान किटो किंवा ग्वायाकिलहून. आदल्या दिवशीच तिथे पोहोचा, कारण विमान चुकलं तर बोट थांबत नाही. किटो सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे, तिथे धाप लागू शकते. ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे.

विमानतळावर क्रम असा: आधी गालापागोस प्रशासनाच्या खिडकीवर प्रवास नियंत्रण कार्ड घ्या, २० डॉलर. त्याचा ऑनलाइन अर्ज आधी भरून ठेवा. मग सामानाची जैवसुरक्षा तपासणी, तिथे बॅगेला सील लागतं. त्यानंतर चेक-इन. या तीन रांगांसाठी निदान अडीच तास हाताशी ठेवा. ताजी फळं, भाज्या, बिया, रुजू शकेल अशी कोणतीही गोष्ट नको. बुटांच्या तळांना चिकटलेली मातीही घरीच धुऊन काढा. परक्या बियांनी आणि किड्यांनी या बेटांचं जे नुकसान केलं आहे ते पाहता ही तपासणी मनापासून सहन करावी अशीच आहे.

बेटावर उतरल्यावर उद्यानाचं प्रवेश शुल्क रोख भरायचं असतं. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांसाठी ते २०० डॉलर झालं, १२ वर्षांखालच्या मुलांना १००. जुन्या माहितीत अजून १०० हाच आकडा सापडतो, त्यावर विसंबू नका. नियंत्रण कार्ड परत जाताना पुन्हा लागतं, ते पासपोर्टमध्येच ठेवा.

बाल्त्राहून पुएर्तो आयोराला जायला बस, मग इताबाका कालव्यावरची छोटी फेरीबोट, मग पुन्हा बस किंवा टॅक्सी. परतीला हाच प्रवास उलटा, त्यामुळे विमानाच्या निदान तीन तास आधी गाव सोडा. ज्या दिवशी इसाबेलाहून लांचा आहे त्याच दिवशीचं विमान घेऊ नका. आणि गालापागोसचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे असतं, हे फोनवर तपासून घ्या.

१२. सामान

पाण्यात चालणाऱ्या पट्ट्याच्या चपला, खडकांसाठी बंद बूट, टोपी, प्रवाळाला अपाय न करणारं सनस्क्रीन, लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, पाणी न शिरणारी लहान पिशवी, पाण्याची स्वतःची बाटली. मास्क आणि नळी स्वतःची असेल तर नेमकी बसते. भाड्याने मिळते, पण चेहऱ्याला घट्ट न बसणारा मास्क पाण्यातला सगळा वेळ खातो. बोटीवर कडक सुटकेस नेऊ नका, केबिनमध्ये ठेवायला जागा नसते. मऊ पिशवी पलंगाखाली सरकते. ड्रोन घरी ठेवा, पर्यटकांना तो उडवायला मनाई आहे. फ्लॅश बंद ठेवा. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर हवं. समुद्रसिंहाचं पिल्लू आपणहून जवळ आलं तरी हात न लावता मागे सरका. माणसाचा वास लागलेल्या पिल्लाला आई नाकारू शकते, असं तिथले गाईड प्रत्येक गटाला बजावतात.